ब्लॉक गेला की नुसता पिस्टन? आधी बोअर (पिस्टन ज्यात पळतो ती ब्लॉकची नळी) साफ करा, मग मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंडहँड घेतलेली यामाहा वायझेड २५०, टू-स्ट्रोक. सरावाच्या ट्रॅकवर लांब सरळ पट्टीवर फुल थ्रॉटलला इंजिन आवळलं, मागचं चाक क्षणभर लॉक झालं, क्लच दाबून गाडी सावरली. दहा मिनिटांनी किक फिरली, गाडी चालूही झाली, पण ओढ नाही आणि किक हलकी लागते. ब्लॉक उतरवल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या चकचकीत रेघा दिसल्या, पिस्टनवरही तशाच. एक मिस्त्री म्हणाले, पन्नासचा बोअर मारून, म्हणजे नळी कापून ०.५० मिलिमीटरने रुंद करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकू. दुसऱ्यांनी लायनर, म्हणजे आत बिडाची नळी, बसवायला सांगितलं. पार्ट मागवून देणारा म्हणतो, ब्लॉक गेला, नवाच घ्या. शेवटी विचारलंय की पिस्टन किट तरी आत्ता मागवून ठेवू का?

या तिघांपैकी कोणाचंच आज ऐकू नका. ब्लॉक गेला असेल किंवा नसेलही, पण तुम्ही वर्णन केलंय त्या अवस्थेत ते कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. सीझ झालेल्या, म्हणजे पिस्टन आवळून जाम झालेल्या, बोअरमध्ये दिसणाऱ्या चकचकीत रेघा म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीवर पुसलं गेलेलं असतं. भिंत कापली गेली आहे की भिंतीवर काही चिकटलं आहे, हे साफ केल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे ‘ब्लॉक गेला’ म्हणून आलेले कितीतरी ब्लॉक साफ करून, मोजून, नव्या पिस्टनवर परत गेलेत. तसंच वरून ठीकठाक दिसणारे काही मोजल्यावर प्लेटिंगला, म्हणजे भिंतीवर धातूचा नवा थर चढवायला, पाठवावे लागलेत.

आधी भिंत कशाची आहे ते समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. आपल्याकडे टू-स्ट्रोकचं काम शिकलेला जवळजवळ प्रत्येक माणूस यामाहाच्या आरएक्स १०० वर शिकला. तिच्या ब्लॉकमध्ये बिडाचा लायनर. घासला की ०.२५, मग ०.५०, मग ०.७५ मिलिमीटर असा बोअर मारायचा, त्या साइझचा पिस्टन टाकायचा. ती पद्धत बिडासाठी बरोबरच आहे. तुमच्या वायझेडच्या ब्लॉकमध्ये लायनर नाही. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेलचा थर दिलेला आहे आणि त्या निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे, म्हणजे सहाणेच्या दगडात असतात त्या जातीचे, अतिशय बारीक कण बसवलेले आहेत. जर्मनीच्या माहले कंपनीने हे तंत्र १९६७ मध्ये व्हँकेल रोटरी इंजिनासाठी काढलं, निकासिल हे त्यांचं नाव. आता वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी तोच प्रकार करतात. थर किती जाड? तयार झाल्यावर साधारण ०.०७ ते ०.१ मिलिमीटर. वहीच्या कागदाएवढा म्हणा.

आता पन्नासच्या बोअरचा हिशोब बघा. व्यास ०.५० ने वाढवायचा म्हणजे प्रत्येक बाजूने ०.२५ कापायचं. थर ०.१ चा. म्हणजे सगळं प्लेटिंग जाऊन खाली नुसतं ॲल्युमिनियम उरणार, आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन पळणार. हे दोन एकमेकांवर टिकत नाहीत, चिकटतात.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. एक मुलगा कावासाकी केएक्स २५० टू-स्ट्रोकचा ब्लॉक एका बोरिंगवाल्याकडे देऊन आला. बोरिंगवाला जुना, हात चांगला, पण त्याला कोणी सांगितलं नाही की आत प्लेटिंग आहे. पहिल्या पासला टूलचं टोक बसलं, बोअरमध्ये पट्टे उठले. त्याला वाटलं कास्टिंग कडक लागलंय. दुसरं टूल लावून थोडा जास्त कट घेतला आणि मग टूल लोण्यासारखं चालायला लागलं. चालणारच, कारण कडक थर निघून गेला होता. होनिंग, म्हणजे शेवटचं बारीक घासकाम, सुंदर केलं होतं, आरशासारखं. इंजिन बांधलं, रनिंगला काढलं आणि तासाभराच्या आत जाम झालं. नवा पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं पुन्हा गेलं. ब्लॉक तेव्हा प्लेटिंगने वाचला, पण खर्च दुप्पट. त्यामुळे पहिल्या मिस्त्रींना नम्रपणे नाही म्हणा.

आपला ब्लॉक कोणता ते लोहचुंबकाने कळतं. बिडाच्या लायनरला चुंबक टचकन बसतो. प्लेटिंगवाल्या ब्लॉकला फार तर किंचित ओढ जाणवते, कारण निकेलला चुंबक ओढतो पण थरच एवढासा असतो. सेकंडहँड गाडीत हे बघाच, आधीच्या मालकाने लायनर बसवून घेतलेला असू शकतो. आणि यामाहाच्या आर १५ सारख्या गाड्यांत तिसराच प्रकार असतो, भरपूर सिलिकॉन घातलेलं ॲल्युमिनियम, ना लायनर ना प्लेटिंग. तिथेही नेहमीचा बोअर मारायचा विषय नाही.

आता साफसफाई. हे काम संथपणे करण्याचं आहे, म्हणून नीट सांगतो.

फरशी किंवा मोरी धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, ॲल्युमिनियम झटकन खातं आणि निकेलला थोड्या वेळात फारसं काही करत नाही. या फरकावर सगळी परीक्षा उभी आहे. ब्लॉकमधून पॉवर व्हॉल्व्ह, ओ-रिंग, सगळं काढा. आधी डिझेलने आणि मग साबणाने धुऊन तेलाचा अंश घालवा, नाहीतर ॲसिड लागतच नाही. ब्लॉक आडवा ठेवा, रेघांची बाजू खाली. पोर्टच्या, म्हणजे भिंतीतल्या गॅस ये-जा करायच्या खिडक्यांच्या, कडांना बोटाने ग्रीसचा जाड थर द्या, कारण पोर्टच्या आत उघडं ॲल्युमिनियम आहे आणि तिथे ॲसिड ओघळलं तर कडेच्या खालून खाईल. उघड्यावर बसा, हातमोजे आणि चष्मा घाला, शेजारी हत्यारं ठेवू नका, नुसत्या वाफेने गंजतात. ब्लीचचा डबा तर आसपासही नको, दोन्ही मिसळलं की विषारी वायू होतो.

इअरबड ॲसिडात बुडवून, निथळून, फक्त चकाकणाऱ्या रेघेवर फिरवा. लगेच बारीक फेस येतो, चुर्रर्र असा आवाजही कान जवळ नेला तर येतो, आणि राखाडी-काळपट मळी सुटते. अर्ध्या मिनिटाने ओल्या फडक्याने पुसा. परत लावा. चार-पाच वेळा केल्यावर फेस कमी होत जातो आणि थांबतो. थांबला म्हणजे तिथलं ॲल्युमिनियम संपलं, खाली निकेल लागलं. मग स्कॉच-ब्राइटचा तुकडा साबणाच्या पाण्यात भिजवून तिरक्या रेषांत, होनिंगच्या जाळीच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवा. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने भरपूर धुवा, कोरडं करून लगेच तेलाचा हात फिरवा.

फेसाकडे लक्ष द्या असं मी शिकाऊ मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. रेघ डोळ्यांना निघालेली दिसते, भिंत सपाट झालेली दिसते, तरी एखाद्या जागी फेस येतच राहतो. तिथे हात थांबवा. त्या जागी प्लेटिंग फाटलंय आणि ॲसिड आता ब्लॉकचं ॲल्युमिनियम खातंय. ताबडतोब धुवा. तुमचं उत्तर तिथेच मिळालं, तो ब्लॉक प्लेटिंगला जाणार.

दोन ठिकाणी हे ॲसिड अजिबात लावू नका. एक, बिडाचा लायनर, तो काळा पडतो आणि खडबडतो. दुसरं, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जुन्या गाड्यांचे क्रोम केलेले बोअर. क्रोम या ॲसिडात सरळ विरघळतं.

साफ झाल्यावर बोअर उन्हाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. चांगलं प्लेटिंग मंद राखाडी दिसतं आणि त्यावर होनिंगची तिरकी जाळी असते. हा थर इतका कडक असतो की खूप तास चाललेल्या ब्लॉकमध्येही जाळी शाबूत दिसते, त्यामुळे ‘जाळी आहे म्हणजे बोअर नवा’ असं समजू नका. उलट एखाद्या पट्ट्यात जाळी पुसून काच झाली असेल तर तिथे खरोखरच घासलंय. आणि राखाडीत मध्येच पांढरट, चांदीसारखा ठिपका किंवा पट्टा दिसला तर ते खालचं ॲल्युमिनियम डोकावतंय.

मग नख. अंगठ्याचं नख रेघेवर आडवं फिरवा. रेघ दिसते पण नख अडत नाही, तर ती सोडून द्या, तशा रेघांवर इंजिन वर्षानुवर्षं चालतात. नख अडलं तर ती कुठे आहे ते बघा. पोर्टच्या खाली, रिंगा जिथे दाब धरत नाहीत अशा भागात एखादी बारीक रेघ असेल तर सरावाच्या गाडीला मी चालवून घेतो. पण वरच्या कडेपासून एक्झॉस्ट पोर्टपर्यंतच्या भागात, म्हणजे जिथे कम्प्रेशन आणि जळता वायू दोन्ही धरायचे आहेत तिथे, नख अडणारी रेघ असेल तर ती गॅसला वाट देते. रिंगेच्या मागून ज्वाळा जाते, तिथलं तेल जळतं आणि पुढचं सीझ त्याच रेघेवर सुरू होतं.

पोर्टच्या कडा नखाने आणि भिंगाने, दोन्हींनी तपासा. प्लेटिंग सुटायला तिथूनच सुरुवात होते. कडेला टाचणीच्या डोक्याएवढी जरी खपली उडाली असेल तरी मी तो ब्लॉक पुढे चालवत नाही, कारण रिंग प्रत्येक फेरीला त्या खपलीवर आपटते आणि तिला उचलत जाते. सुटलेल्या खपलीत सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. ती पिस्टनमध्ये रुतते आणि बाकीची भिंत तासते. याला डाग लावून दुरुस्ती नाही. इपॉक्सी भरून विकलेले ब्लॉकही मी पाहिलेत, सेकंडहँड घेताना कडांवर रंग बदललेला दिसला तर हात मागे घ्या.

नजर आणि नख पास झालं तरी मोजमाप उरतंच. डायल बोअर गेज आणि मायक्रोमीटर लागतो. व्हर्निअरने हे काम होत नाही, कोणी व्हर्निअर घालून ‘ओके आहे’ म्हणालं तर ते मोजमाप धरू नका. ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही एकाच खोलीत रात्रभर ठेवलेले असावेत, उन्हात तापलेला ब्लॉक खोटं सांगतो. वरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर खाली, मधे, आणि तळाशी, अशा तीन उंचींवर प्रत्येकी दोन दिशांना मोजा, एक्झॉस्ट-इनटेकच्या दिशेला आणि त्याच्या काटकोनात. गेजचं टोक पोर्टमध्ये पडणार नाही अशी जागा धरा. सहा आकडे कागदावर लिहा. वरच्या-खालच्यातला फरक म्हणजे टेपर, एकाच उंचीवरच्या दोन दिशांमधला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. पिस्टन मोजायचा तो पिनच्या काटकोनात, स्कर्टवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीला, कारण पिस्टन वरून खालपर्यंत एका मापाचा नसतो. बोअरच्या आकड्यातून पिस्टनचा आकडा वजा केला की क्लिअरन्स.

तुमच्या गाडीचा बोअर ६६.४ मिलिमीटरचा. या आकाराच्या वॉटर-कूल्ड टू-स्ट्रोकमध्ये नव्याने बांधलेल्या इंजिनाचा क्लिअरन्स साधारण ०.०५ ते ०.०६ असतो, आणि ०.१ ला पोचला की थांबायचं. टेपर ०.०५ च्या आसपास गेला तर बोअर बाद. अंडाकृतीपणाला मर्यादा त्याहून बरीच कडक असते. आपल्या सालाच्या मॅन्युअलमधला आकडा उघडून पक्का करा, त्या आकड्यापुढे माझाही अंदाज धरू नका.

बोअर गेज नसेल तर एक जुनी युक्ती आहे, ती मी अजूनही ट्रॅकवर वापरतो. नवी रिंग घ्या. ती बोअरच्या अगदी तळाशी, जिथे रिंगा कधी पोचत नाहीत अशा न घासलेल्या जागी, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग वरून दहा-बारा मिलिमीटरवर आणून मोजा. दोन फटींतला फरक भागिले ३.१४, म्हणजे तेवढा व्यास वाढलाय. समजा तळाला फट ०.३५ आली आणि वर ०.४१. फरक ०.०६, व्यासातली झीज ०.०२ च्या जवळ. दोन शतांश म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. तीच फट वर ०.५५ आली असती तर फरक ०.२०, व्यास ०.०६ ने वाढलेला, आणि गोष्ट वेगळी. या युक्तीने बोअर अंडाकृती झालाय का ते कळत नाही, पण ब्लॉक गेजवाल्याकडे न्यायचा की नाही एवढं नक्की कळतं.

भिंत शाबूत आणि झीज एक-दोन शतांशाची असेल तर ना प्लेटिंग लागतं ना नवा ब्लॉक. या गाड्यांचे पिस्टन ए, बी, सी अशा अक्षरांत येतात, प्रत्येक अक्षराला साधारण एक शतांश जास्त. मोजून योग्य अक्षराचा पिस्टन घेतला की क्लिअरन्स पुन्हा जागेवर. लोक डोळे झाकून ए मागवतात आणि पन्नास तास चाललेल्या बोअरमध्ये घालतात, मग नव्या पिस्टनवरही टक-टक आवाज येतो आणि दोष ब्लॉकला मिळतो.

थर फाटलाय, खपली उडालीय, वरच्या भागात नख अडतंय, किंवा सगळ्यात मोठ्या अक्षराच्या पिस्टननेही क्लिअरन्स जमत नाही, तर प्लेटिंग. प्लेटिंगवाला जुना थर उतरवतो, भिंत गोल करतो, खोल चर असेल तर टिग वेल्डिंगने भरतो, नवा थर चढवतो आणि डायमंडच्या होनने तुमच्या पिस्टनच्या मापाला आणतो. नीट झालेलं काम कंपनीच्या थरापेक्षा कमी टिकतं असा माझा अनुभव नाही. पिस्टनपिनची क्लिप सुटून पडलेला सरळ खोल चर भयानक दिसतो, पण तो वेल्डिंगने भरतो. अशा ब्लॉकला ‘गेला’ म्हणण्याची घाई करू नका.

नवा ब्लॉक कधी? जेव्हा बिघाड भिंतीच्या पलीकडे गेलाय तेव्हा. खालच्या नळकांड्याचा तुकडा उडालाय, पोर्टमधल्या दांडीला तडा गेलाय, पॉवर व्हॉल्व्हची भोकं घासून मोठी झालीत, हेडकडची सपाटी ओ-रिंगच्या खाचेपर्यंत खाल्ली गेलीय, पाण्याच्या वाटेत आतून पोखरलंय. शेवटचं आपल्याकडे फार होतं, कारण रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओततात. क्षारांचं पाणी ॲल्युमिनियमला आतून खातं, आणि ब्लॉक बाहेरून नवाकोरा दिसतो. स्टडची आटी गेली असतील तर तेवढ्यासाठी ब्लॉक टाकू नका, हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसतं. पण वरच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असतील तर प्लेटिंगवर खर्च करू नका.

पैशांचा हिशोब करताना सारख्याची तुलना सारख्याशी करा. नवा ब्लॉक म्हणजे किंमत, परदेशातून येण्याचं भाडं, कस्टम ड्युटी, वर पिस्टन आणि गॅस्केट. प्लेटिंग म्हणजे काम, दोन्ही बाजूंचं पार्सल, लागलं तर वेल्डिंग, आणि पिस्टन-गॅस्केट तेवढेच. काही आठवडे गाडी उभी राहते, हाही खर्चच धरा. ओळखीच्या नसलेल्या नावाचा अगदी स्वस्त तयार ब्लॉक मी टाळतो. बोअरचं माप बरोबर निघतं, पण पोर्टच्या कडा मारलेल्या, म्हणजे धार मोडून गोलसर केलेल्या, नसतात आणि रिंगा तिथे अडकतात.

राहिला लायनर. दुसऱ्या मिस्त्रींचा सल्ला चुकीचा म्हणणार नाही. प्लेटिंग करून मिळत नाही, गाडी जुनी आहे, हौसेला चालवायची आहे, तर लायनर चालतो आणि पुढे दोनदा बोअरही मारता येतो. पण बीड ॲल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं आणि उष्णता हळू सोडतं. लायनरचा ब्लॉकशी सगळीकडे घट्ट स्पर्श नसेल तर तिथे गरम ठिपका तयार होतो. क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो. आणि टू-स्ट्रोकमध्ये ट्रान्सफर पोर्टची प्रत्येक खिडकी लायनरमध्ये हाताने कापून ब्लॉकशी जुळवायची असते, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी गाडीचा स्वभाव बदलतो. शर्यतीला उतरणार असाल तर मी लायनर सुचवत नाही.

ब्लॉकचं काहीही ठरो, गाडी आवळली कशाने ते शोधल्याशिवाय नवं सामान आत घालू नका. हे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतो, कारण याच ठिकाणी लोक दुसऱ्यांदा पैसे घालवतात. पिस्टन फेकू नका, तो वाचता येतो. स्कर्टवर चार कोपऱ्यांत चार खुणा असतील तर थंड इंजिन जोरात ओढलंय, पिस्टन फुगला आणि ब्लॉक अजून थंडच होता. फक्त पोर्टच्या दांडीसमोर एकच उभा पट्टा असेल तर त्या दांडीसाठी पिस्टनला भोकं पाडलेली नाहीत किंवा तिथला क्लिअरन्स कमी आहे. इनटेककडचा स्कर्ट मंद, वाळूच्या कागदाने घासल्यासारखा असेल आणि मशिनिंगच्या रेषा पुसल्या असतील तर एअर फिल्टर धूळ सोडतोय. धुळीतली वाळू पिस्टनपेक्षा आणि निकेलपेक्षाही कडक असते. फिल्टरच्या मागची बूट आतून बोटाने पुसून बघा. बोटाला माती लागली तर ब्लॉकच्या आधी फिल्टरचं बसणं सुधारा, कडेला ग्रीस लावा.

तुमच्या खुणा एक्झॉस्टच्या बाजूला आणि तेही लांब फुल थ्रॉटलवर, म्हणजे संशय लीन मिक्श्चरवर, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मेन जेट लहान, फ्लोट बाउलमध्ये कचरा, टाकीचा ब्रीदर बंद, किंवा क्रँकच्या डाव्या सीलमधून हवा शिरतेय. एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून इंजिनात ५-६ पीएसआय हवा भरा, पाच-सहा मिनिटं दाब टिकला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधा. यात नव्याने भर पडलीय ती पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, म्हणून जुन्या जेटवर मिक्श्चर आणखी लीन होतं. आधीच्या मालकाने कुठल्या पेट्रोलवर जेट बसवला होता कुणास ठाऊक, प्लग आणि पिस्टनचा रंग बघून पुन्हा ठरवा. तेल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने कॅनमध्ये ठेवू नका, ते हवेतली ओल ओढतं. आणि लांब पट्टीच्या शेवटी थ्रॉटल एकदम बंद करून इंजिन चढ्या फेऱ्यांवर तसंच ठेवू नका. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी थोडंसं, कारण हाच प्रश्न मला होंडा सीआरएफ आणि हल्लीच्या केएक्स २५० वाल्यांकडूनही येतो. या इंजिनांत किक किंवा सेल्फ मारताना डीकॉम्प्रेसर व्हॉल्व्ह उचलतो, त्यामुळे साध्या कम्प्रेशन गेजच्या आकड्यावर ब्लॉकचा निकाल लावू नका. लीक-डाउन चाचणी करा. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते कान लावून ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब किंवा थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तरच रिंगा आणि बोअर. मोटोक्रॉसच्या फोर-स्ट्रोकमध्ये मला व्हॉल्व्ह आधी गेलेले सापडतात, ब्लॉक बराच नंतर.

प्लेटिंगला पाठवायची वेळ आली तर पिस्टन सोबत द्या आणि हवा तो क्लिअरन्स कागदावर लिहून द्या. परत आल्यावर उघडून लगेच बांधायला घेऊ नका. पोर्टच्या प्रत्येक कडेवर बोट फिरवा, कड मारलेली असली पाहिजे, बोटाला धार लागता कामा नये. सहा ठिकाणी पुन्हा मोजा. होनिंगची भुकटी पोर्टच्या आत अडकलेली असते, गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन धुवा, इतकं की पांढरं फडकं तेलात बुडवून आत फिरवलं तर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. पहिल्या दिवशी दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, मग ओढा.

म्हणून पिस्टन किट आत्ता मागवू नका. आज संध्याकाळी ॲसिड आणि इअरबड घेऊन बसा, फेस कुठे थांबतो आणि कुठे थांबत नाही ते बघा, उद्या सहा आकडे घ्या. भिंत शाबूत निघाली तर त्या आकड्यांवरून पिस्टनचं अक्षर ठरेल. प्लेटिंगला जाणार असेल तर आपल्याला मिळतो तो ए पिस्टन घ्या आणि बोअर त्याच्या मापाला करून मागा.